‘रंग नाही’ अशी नोंद

आमच्या गावातून कॉलेजात शिकायला जाणाऱ्या मुली दोनच होत्या, एक मी आणि एक ती. गाव वाळूजच्या पलीकडं, फाट्यापासून मैलभर आत. सकाळच्या एसटीनं आम्ही शहरात यायचो, बी.एस्सी.च्या एकाच वर्गात बसायचो आणि दुपारच्या गाडीनं परत जायचो. गाडीत आम्ही एका बाकावर बसत असू. फाट्यावर उतरलं की मी पुढं चालायची आणि ती दहा-वीस पावलं मागं. असं करा म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती बौद्धवस्तीतली, मी धनगरगल्लीतली. गावात आम्हीही काही मोठे नव्हतो. पाटलाच्या ओट्यावर माझ्या बापाला कधी कुणी वर बस म्हटलं नाही. पण गावच्या विहिरीवर आमचा पोहरा चालायचा आणि त्यांचा चालत नव्हता. एवढा फरक गावाला पुरेसा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरेसा होता.

आमची मेंढरं ज्या माळावर चरायची तिथं त्या वर्षांत पत्र्याची शेडं उभी राहत होती. चरायला जागा उरली नाही तसा बापानं कळप कमी कमी करत आणला, आणि माझा मोठा भाऊ एका लहानशा शेडात कामाला लागला. मोटारसायकलींच्या नळ्यांना, आरशांच्या कड्यांना चकचकीत मुलामा चढवायचं काम. पिवळ्याधमक पाण्यानं भरलेल्या हौदात लोखंड बुडवायचं आणि चांदीसारखं करून बाहेर काढायचं. दादाचे हात त्या पाण्यानं कायम पिवळे असायचे. मला कॉलेजात घालायला बाप तयार नव्हता. दादानंच रदबदली केली होती.

रसायनशास्त्राचे आमचे सर जुन्या शहरातले. घरी दखनी बोलत, वर्गात स्वच्छ मराठी, आणि मनासारखं काही झालं की दोन्ही एकत्र. पाण्यातले विषारी धातू ओळखायची स्वस्त सोय करायची, हे त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. विहिरीचं पाणी बाटलीत भरून सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचं, मग महिनोन्महिने वाट बघायची, तोवर बाया तेच पाणी भरणार. त्यापेक्षा बाईला आपल्या ओट्यावर बसून, आपल्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं ते म्हणायचे.

त्यासाठी आम्ही कागदाच्या पट्ट्या केल्या. गाळणकागद बोटभर रुंदीचा कापायचा, लांबलचक नावाच्या एका रसायनात बुडवायचा, सावलीत वाळवायचा. उजेड लागला की पट्ट्या खराब व्हायच्या, म्हणून फोटो स्टुडिओतून रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या मागून आणल्या. पट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर सौम्य आम्लाचा थेंब. पाण्यात क्रोमियम असेल, म्हणजे मुलाम्याच्या हौदातला तो धातू, तर पट्टी जांभळी होई. नसेल तर पांढरीच राही. किती आहे ते बघायला रंगांचा एक तक्ता होता, फिक्या गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत सहा खुणा. तो तिनं रंगवला होता, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. तिचा हात आम्हा सगळ्यांत स्थिर होता.

“हिच्यातून शंभर गोष्टी नाही कळणार,” सर पट्टी चिमटीत धरून म्हणाले होते. “एकच कळेल. लेकिन वो पक्की कळेल.”

प्रत्येकानं आपापल्या गावच्या विहिरी तपासायच्या, वापरलेली पट्टी वहीत टाचणीनं लावायची आणि पुढं नोंद करायची, असं ठरलं. गावात पाणी भरायच्या दोन विहिरी. गावची मी करायची, वस्तीची तिनं. मी माझी केली. पट्टी पांढरी राहिली. ती करणार त्याच आठवड्यात नामांतराच्या सत्याग्रहाची हाक आली.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा पुन्हा तापला होता. आमच्या गावात त्यावर कुणी मोठ्यानं बोलत नसे. आधीच्या दंगलीत आसपासच्या गावांतल्या वस्त्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिलंच नाही असं सगळे वागत होते. एकदा गाडीत तिनं मला सरळ विचारलं, “तुला काय वाटतं?”

मी म्हणाले, “नावानं काय फरक पडतो?”

“फरक पडत नसेल तर द्यायला काय हरकत आहे?”

मी खिडकीबाहेर बघत बसले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

सत्याग्रहाला ती आणि तिचे वडील दोघंही निघाले. अटक होणार हे धरूनच चालले होते. आदल्या दिवशी गाडीत तिनं पट्ट्यांची एक डबी माझ्या हातात दिली. “वस्तीच्या विहिरीचं तेवढं तू कर. सरांना वही सोमवारी द्यायची आहे. आई आहे घरी, ती पाणी काढून देईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीत गेले. एकाच गावात वाढले, पण त्या विहिरीच्या काठावर मी पहिल्यांदाच उभी होते. विहीर ओढ्याला लागून होती, आणि ओढा शेडांच्या बाजूनं येत होता. तिची आई पोहऱ्यानं पाणी काढत होती. काळी, उंच, गुडघ्यांनी अधू झालेली बाई. तिनं माझ्या बाटलीत पाणी ओतलं आणि बाटली उजेडात धरली.

“हे बघ माय, पिवळट दिसतंय का नाय? जिभेला तुरट लागतं. म्हणून मी प्यायला माळावरल्या हिरीचं आणते. लई लांब पडतं. गुडघे नाय ऱ्हायले माझे. बाकीच्या बाया हसत्यात मला. त्या हेच भरत्यात.” मग ती म्हणाली, “तू तपासून सांग. तू म्हणशील तसं करीन.”

मी घरी आले. मागच्या अंगणात, गोठ्याच्या सावलीला पाटावर बसून पट्टी काढली. पाण्याचा थेंब टाकला, मग आम्लाचा. एक ते दहा मोजेपर्यंत पट्टीला रंग चढायला लागला, आणि तीस मोजेपर्यंत ती तक्त्यावरच्या शेवटच्या खुणेच्याही पुढं गेली. मी दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. तिन्ही जांभळ्या. आमच्या घरच्या माठातलं पाणी घेऊन चौथी केली. ती पांढरी.

तेवढ्यात दादा पहिल्या पाळीवरून आला. सायकल भिंतीला टेकवून माझ्याजवळ उकिडवा बसला. पट्ट्यांकडं बघितलं.

“कुठलं पाणी?”

“वस्तीच्या विहिरीचं.”

त्यानं एक पट्टी उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, “आमच्या हौदाचं पाणी ओढ्यात सोडत्यात. मला ठाव हाय. मालकानं सांगितलंय, कुणापाशी बोलायचं नाय.”

“मग?”

“मग काय. तपासणी आली तर शेड बंद. आपल्या गल्लीतली सहा पोरं तिथं हायेत.” त्यानं हातावरचं पिवळं नखानं खरवडलं. “तू काय ते बघ. मी तुला काय सांगू? तू शिकलेली हायेस.”

त्यानं मला दम दिला नाही, हात जोडले नाहीत. दिला असता तर आज निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले की भावासाठी केलं. ते अर्धंच खरं आहे. दुसरं अर्धं असं, की त्या दिवसांत वस्तीच्या बाजूनं अर्ज करणारी धनगरगल्लीतली पोरगी म्हणून गावात माझं नाव झालं असतं. विहिरीवर बायांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं, याची मला भीती वाटली. गावच्या विहिरीचं पाणी चांगलं होतं, ते सगळ्यांना पुरण्यासारखं होतं, आणि वस्तीला तिथं पाणी भरू द्या एवढं म्हटलं तरी भागणार होतं. हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते लगेच बाजूला सारलं.

मी गावच्या विहिरीच्या पाण्याची आणखी एक पट्टी केली, ती पांढरी पट्टी वहीत वस्तीच्या विहिरीपुढं टाचली, आणि खाली लिहिलं, ‘रंग नाही’. तिन्ही जांभळ्या पट्ट्या चुलीत टाकल्या.

सोमवारी सकाळी मी फाट्याकडं निघाले तर तिची आई वळणावर उभी होती. माझीच वाट बघत होती.

“काय निघालं, माय?”

“काही नाही, मावशी. रंग आला नाही. चांगलं आहे पाणी.”

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. “बरं झालं बाई. वाचले माझे पाय.”

दोन आठवड्यांनी ती तुरुंगातून सुटून आली. वाळलेली होती, पण खुशीत होती. वहीतलं पान बघून म्हणाली, “मला उगाच भीती वाटत होती. आईला नसत्या शंका येतात.” सरांनी सगळ्या गावांच्या नोंदी एकत्र करून, खाली सही करून, सरकारी कचेरीत एक प्रत दिली. कॉलेजच्या छोट्या प्रदर्शनात आमच्या दोघींची वही टेबलावर ठेवली होती. लोक येऊन पट्ट्या बघत होते. सर सगळ्यांना सांगत होते, या दोन मुलींनी एकमेकींचं काम पुरं केलं.

पावसाळा कोरडाच गेला. विहिरीचं पाणी तळाला गेलं तसं ते अधिकच पिवळं झालं. वस्तीतल्या लहान मुलांच्या अंगाला खाज सुटली, बायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, पोटं बिघडायला लागली. ते सगळं त्या पाण्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मला दुसरं काही सुचतही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं स्वतः पट्टी लावली. कॉलेज पुन्हा सुरू झालं त्या दिवशी गाडीत ती माझ्याशेजारी बसली, वही उघडली आणि जांभळी पट्टी माझ्या मांडीवर ठेवली.

“तेव्हाही असंच होतं का?”

तिच्या आवाजात संशय नव्हता. ती खरंच विचारत होती. माझ्याकडून पट्टी खराब झाली असेल, आम्ल कमी पडलं असेल, अशी काही वाट ती मला देत होती. मला तेवढं धरूनही खरं सांगता आलं असतं.

“तेव्हा नव्हतं गं,” मी म्हणाले.

तिनं अर्ज केला. कचेरीत बोलावणं आलं तेव्हा सर आले, ती आली, आणि वहीतली नोंद माझ्या हातची म्हणून मलाही बोलावलं. शेडचा मालक आधीच येऊन बसला होता. साहेबांच्या टेबलावर आमच्याच नोंदींची प्रत होती. मालकानं ती साहेबांपुढं सरकवली.

“साहेब, कॉलेजवाल्यांनीच लिहिलंय. रंग नाही. खाली सरांची सही आहे. पाच महिन्यांपूर्वी पाणी चांगलं होतं, आणि माझं शेड तर दोन वर्षांपासून चालू आहे. मग ते माझ्यामुळं कसं?”

साहेबांनी सरांकडं बघितलं. सर गोंधळले. “पाणी बदलू शकतं,” ते म्हणाले. “पाऊस झाला नाही, कमी झालं असेल, गाढं झालं असेल.” मग ते माझ्याकडं वळले. “तू काळजीपूर्वक केली होतीस ना चाचणी?”

“हो सर,” मी म्हणाले.

साहेब म्हणाले, हे कागदाचे खेळ ठीक आहेत, आपण रीतसर नमुना पाठवू. ती काही बोलायला उभी राहिली. साहेब तिला म्हणाले, “तुम्ही त्या आंदोलनातल्या ना? प्रत्येक गोष्टीत वाद आणू नका.” ती खाली बसली. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. जिन्यात ते थांबले आणि म्हणाले, “मेरी गलती. मी स्वतः एकदा येऊन बघायला पाहिजे होतं.” मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि त्यांना तसं म्हणू दिलं.

रीतसर नमुन्याचा निकाल यायला उन्हाळा उजाडला. निकाल तिच्या जांभळ्या पट्टीसारखाच होता. विहिरीवर लाल रंगात लिहून ती बंद केली. वस्तीतले चार जण गावच्या विहिरीसाठी विचारायला पंचायतीत गेले. गाव म्हणालं, टँकर येईल. एक दिवसाआड टँकर यायचा, कधी यायचाही नाही. पुढं हातपंप बसला. तेवढे सगळे दिवस मी रोज सकाळी गावच्या विहिरीवर माझी घागर भरत होते.

आणि शेड बंद झालं नाही. मालकानं मागं एक सिमेंटची टाकी बांधली, तपासणीवाल्यांना ती दाखवली, काम चालू राहिलं. ज्या भीतीनं मी ते सगळं केलं ती भीतीच खोटी निघाली. दादा तिथं आणखी तीन वर्षं होता. त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं, मग खपल्या धरायला लागल्या. घाटीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बघून सांगितलं की नाकातल्या पडद्याला आरपार भोक पडलंय, हौदाच्या वाफेनं पडतं असं. दादानं ते काम सोडलं आणि उरलेली पंधरा मेंढरं घेऊन पुन्हा माळ धरला. मला एका शब्दानं कधी काही म्हणाला नाही.

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला तोवर आम्ही दोघी नोकरीला लागलो होतो. ती पैठणला शाळेत, मी शहरात ज्युनिअर कॉलेजला. त्या दिवशी तिचं पत्र आलं होतं. मी उत्तरात अभिनंदन लिहिलं, आणि तेवढंच लिहिलं. पुढं लग्नाकार्यात भेटी व्हायच्या. तिची आई प्रत्येक वेळी माझी चौकशी करायची, असं ती सांगायची. आई गेली तेव्हा मी गावी नव्हते.

निवृत्तीनंतर, अलीकडं, इंजिनीअरिंगच्या काही मुलामुलींनी मला बोलावलं. त्यांनी पाण्यातले धातू मोजायचं एक स्वस्त यंत्र बनवलं होतं, तळहाताएवढं. टोक पाण्यात बुडवायचं, मोबाइलवर आकडा येतो, आणि तो आकडा लगेच पुढं कुठंतरी नोंदला जातो. पट्ट्यांच्या काळातली म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी डब्या, तक्ता, सर, सगळं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आमचा आकडा आपोआप जातो. तुमच्या वेळी तर हातानं लिहायचे. मग खरं लिहिलं जायचं का?”

तिनं सहज विचारलं होतं. मी “माणसावर अवलंबून असायचं” असं काहीतरी बोलले आणि खाली बसले. पुढचं एकही भाषण मला ऐकू आलं नाही. त्याच आठवड्यात मी पैठणची एसटी धरली.

ती घरी एकटीच होती. चहा झाला. मी सगळं सांगितलं. तीन पट्ट्या, चूल, टाचणी, वळणावर उभी असलेली तिची आई, गाडीतला तिचा प्रश्न, कचेरी. सांगताना मी तिच्याकडं बघू शकले नाही. तिच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती, त्या कुंडीकडं बघत होते.

तिनं पुढ्यातला कप बाजूला सारला. मग म्हणाली, “आई माळावरून पाणी आणायची. ते तिनं तुझ्या शब्दावर सोडलं. बाकीच्या बायांनाही तिनंच सांगितलं, आता शंका नको, पोरीनं तपासलंय.”

“मला माहीत आहे.”

“नाही, तुला माहीत नाही.” ती उठून कप उचलायला लागली. “आई म्हातारपणानं गेली. त्या पाण्यानं गेली असं मी म्हणणार नाही. पण शेवटपर्यंत ती तुझं नाव घ्यायची. म्हणायची, अख्ख्या गावात एक पोर आपल्या दाराशी आली आणि खरं बोलली.”

मी रडायला लागले. तिनं मला उगी केलं नाही. कप धुऊन आली आणि म्हणाली, “आईला सांगायला पाहिजे होतंस, ती असताना. आता मला सांगून काय करू मी? वस्तीत जा. त्या वेळच्या आहेत अजून काही जणी. त्यांना सांग.”

निघताना तिनं दादाची चौकशी केली. स्टँडपर्यंत आली नाही.

मी गेले. वस्तीत आता सिमेंटची घरं आहेत, नळ आहेत. त्या वेळच्या चार जणी राहिल्यात. समाजमंदिराच्या पायरीवर त्या बसल्या आणि मी समोर उभं राहून सांगितलं. एकीला ऐकू कमी येत होतं, तिला शेजारणीनं मोठ्यानं पुन्हा सांगितलं, तेव्हा माझं ते सगळं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. एक म्हणाली, “व्हय का,” आणि उठून घरात गेली. दुसरीनं आपला हात पुढं केला आणि बोटांच्या बेचक्यांतले जुने पांढरे वण मला दाखवले.

तिसरीनं विचारलं, “आन् आताचं नळाचं पाणी कसं हाय?”

मी म्हणाले, ती मुलं आहेत, त्यांचं नवं यंत्र आहे, मी त्यांना घेऊन येते आणि तपासून सांगते.

“त्यास्नी धाड,” ती म्हणाली. “पर तू नको सांगूस. त्यास्नीच सांगू दे.”

पुढच्या रविवारी ती मुलं तिथं गेली. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडलं आणि चहाच्या टपरीजवळच्या बाकावर बसून राहिले.